नकाशा घडीतच राहिला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरातली जुनी पुस्तके ऑनलाइन कशी विकावीत, हा कालच्या अंकातला लेख वाचला. रात्री झोप लागेना, म्हणून सकाळी उठल्याबरोबर हे लिहायला बसले. लेखिकेचा हेतू चांगला आहे. पुस्तके रद्दीत जाण्यापेक्षा वाचणाऱ्याच्या हाती गेलेली केव्हाही बरी. पण त्यातला एक सल्ला मी तीन वेळा वाचला. पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा ओळख क्रमांक टाका, बाकीची माहिती आणि मुखपृष्ठाचे चित्र आपोआप येते, तुम्हाला काहीच करावे लागत नाही, असे त्या सांगतात. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत याहून घातक सल्ला मी वाचलेला नाही. विकणाऱ्याने काहीच केले नाही की घेणाऱ्याचे काय होते, ते मी भोगले आहे.

मी आयुष्यभर नकाशे काढण्याचे काम केले. निवृत्तीनंतर एका नदीचे पात्र शंभर-सव्वाशे वर्षांत कसकसे सरकत गेले, याची टिपणे करते आहे. त्यासाठी मला एक जुना सर्वेक्षण-अहवाल हवा होता. मजकूर मी ग्रंथालयात बसून उतरवून घेतला होता. हवे होते ते शेवटी जोडलेले तीन घडीचे नकाशे. ग्रंथालयातल्या प्रतीतून ते कोणीतरी फार पूर्वी कापून नेलेले. शिवणीजवळ ब्लेडने कापलेल्या कागदाच्या तीन पट्ट्या तेवढ्या शिल्लक होत्या. दोन वर्षे मी दुसरी प्रत शोधत होते.

एके दिवशी एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर ती दिसली. फोटोत हिरवी कापडी बांधणी, पाठीवरची सोनेरी अक्षरे फिकट झालेली, खालचा एक कोपरा दबलेला. वर्णनात मूळ प्रकाशनाचे वर्ष आणि पुढे ‘घडीच्या नकाशांसह’ असे स्पष्ट लिहिलेले. मी त्याच क्षणी मागवली. पार्सल येईपर्यंतचे दिवस मी मोजले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आले ते गुळगुळीत पुठ्ठ्याचे, ताज्या छपाईचा वास येणारे पुस्तक. मुखपृष्ठावर कुठल्याशा समुद्रकिनाऱ्याचे चित्र. आत स्कॅन करून छापलेली पाने, काही तिरपी, काहींच्या समासाकडची अक्षरे कापली गेलेली, एका पानावर तर स्कॅन करणाऱ्याच्या बोटाचे टोक. हे सगळे मी सोसले असते. पण नकाशांच्या जागी काय होते? घडी घातलेल्या कागदाची पाठ. तीन पानांवर तीन वेळा. स्कॅन करणाऱ्याने घडी उघडलीच नव्हती, आणि छापणाऱ्याने ते पान न पाहता तसेच छापले होते. एका ठिकाणी कागदाची कड जराशी वळलेली होती, तिच्यावर मोजपट्टीचा अर्धा भाग आणि उत्तर दिशेच्या बाणाचे टोक दिसत होते. ज्या कागदासाठी दोन वर्षे घालवली तो समोर होता, आणि त्याची घडी आता कोणालाच उलगडता येणार नव्हती, कारण घडीच छापलेली होती.

तक्रार केली. पहिले उत्तर आले की पुस्तकाचे नाव आणि लेखक जुळतात, सबब वस्तू वर्णनाप्रमाणे आहे. मी जाहिरातीतला फोटो आणि हाती आलेले पुस्तक शेजारी ठेवून पाठवले. दुसरे उत्तर, चित्र केवळ नमुन्यादाखल आहे. तिसऱ्या पत्रानंतर पैसे परत देतो म्हणाले, आणि दिले. पण मी पैशांसाठी भांडत नव्हते. मी प्रत्येक पत्रात एकच गोष्ट विचारत होते, की फोटोतली ती हिरवी प्रत कोणाची आहे, कुठे आहे, विकली गेली का? कोपरा दबलेली प्रत नमुना म्हणून कोणी तयार करत नाही. ती कोणाच्या तरी हातात होती, त्याने ती टेबलावर ठेवून फोटो काढला. तिच्यात ते तीन नकाशे असतील. या प्रश्नाचे उत्तर मला आजपर्यंत मिळालेले नाही.

हे कसे घडते, ते मला नंतर जुनी पुस्तके विकणाऱ्या एका जाणकाराने समजावून सांगितले. आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक झाले १९७० साली. आधी तो दहा आकडी होता, जानेवारी २००७ पासून तेरा आकडी झाला. १९७० च्या आधी छापलेल्या पुस्तकावर तो नसतोच. आता कोणीतरी स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकाचे ग्रंथालयातले स्कॅन उचलतो, मागणी येईल तशी एकेक प्रत छापून द्यायची सोय करतो आणि त्या छपाईसाठी नवा क्रमांक घेतो. मग त्या नावापुढे तेवढा एकच क्रमांक दिसतो, तो या नव्या छपाईचा. ज्याच्याकडे खरी जुनी प्रत आहे, तो संकेतस्थळावरच्या अर्जातला रकाना रिकामा राहू नये म्हणून तोच क्रमांक टाकून मोकळा होतो. झाले, दोन्ही पुस्तके संकेतस्थळाच्या एकाच पानावर येऊन बसतात. फोटो एकाचा, प्रत दुसऱ्याची, आणि खाली वाचकांचे अभिप्राय तिसऱ्याच आवृत्तीचे. कालच्या लेखाने हजारो वाचकांना नेमके हेच करायला सांगितले आहे.

गैरसमज नको म्हणून सांगते, पुनर्मुद्रणावर माझा राग नाही. हक्क संपलेले पुस्तक कोणीही छापू शकतो, आणि ज्याला नुसता मजकूर वाचायचा आहे त्याची त्याने सोय होते. माझा राग आहे तो जुन्या प्रतीच्या फोटोखाली ते विकण्यावर.

चोख व्यवहार करणारे विक्रेते आहेत, हेही मी अनुभवले आहे. गेल्या वर्षी एकाकडून एक जुना प्रवासग्रंथ घेतला. पैसे घेण्याआधी त्याने मला आपणहून लिहिले: पान ११३ ते १२८ नाहीत, सोळा पानांचा एक अख्खा फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच, बांधतानाच राहून गेलेला दिसतो. कसर लागली आहे पण अक्षरांपर्यंत पोहोचलेली नाही, पहिल्या पानावर पूर्वीच्या मालकाची सही आहे, तपकिरी डाग शेवटच्या तीस पानांवर आहेत. त्याने प्रत्येक पान उलटून पाहिले होते. सोळा पाने नसतानाही मी ते पुस्तक आनंदाने घेतले, कारण मला काय मिळणार हे माहीत होते. नव्या पुस्तकाच्या हजार प्रती सारख्या असतात. जुन्या पुस्तकाची प्रत्येक प्रत वेगळी असते, तिचे वर्णन ती हातात घेतल्याशिवाय लिहिताच येत नाही, आणि तेच काम ‘आपोआप’ होते असे तुमचा लेख म्हणतो.

किंमत ठरवणेही सॉफ्टवेअरवर सोपवा, असे त्याच लेखात आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनवर काय झाले, ते लेखिकेने वाचायला हवे होते. फळमाशीच्या जीवशास्त्रावरचे १९९२ सालचे एक पुस्तक, छपाई बंद झालेले. दोन विक्रेत्यांचे प्रोग्रॅम एकमेकांकडे बघून रोज किंमत बदलत होते. एक दुसऱ्याच्या किंचित खाली, ०.९९८३ पट, दुसरा पहिल्याच्या वर, सुमारे १.२७ पट. असे चढत चढत ते पुस्तक २,३६,९८,६५५ डॉलरवर गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ मायकल आयझेन यांनी ही चढण दिवसागणिक नोंदवली, तेव्हा ती उघडकीला आली. त्यांचा तर्क असा होता की महाग विकणाऱ्याकडे ते पुस्तक बहुधा नव्हतेच. कोणी मागितले तर पहिल्याकडून घेऊन पुढे पाठवायचे, असा त्याचा बेत असावा. मला आकड्यापेक्षा हा तर्क जास्त खुपतो. पुस्तक हातात नसताना ते विकायला ठेवता येते, म्हणूनच माझ्यासारख्याला फोटोतली प्रत मिळत नाही.

बाजारपेठेपुढे एकट्यादुकट्या विक्रेत्याचे काही चालत नाही, हे लेखातले शेवटचे विधानही मला मान्य नाही. अ‍ॅमेझॉनच्या मालकीच्या एबबुक्स या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळाने २०१८ साली हंगेरी, चेक प्रजासत्ताक, दक्षिण कोरिया आणि रशिया इथल्या विक्रेत्यांची आपल्यावरची विक्री बंद करायचे ठरवले. तेव्हा विसाहून अधिक देशांतल्या शेकडो जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांनी आपापली पुस्तके एकदमच विक्रीतून काढून घेतली. ज्यांचे काही बिघडत नव्हते असे विक्रेतेही त्यात उतरले. काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. हेच विक्रेते उद्या म्हणाले, की विकायच्या प्रतीचाच फोटो, शीर्षकपानाचाही फोटो, आणि नवी छपाई असेल तर ती वेगळ्या पानावर, तर कोणत्या बाजारपेठेला ते अशक्य आहे? आणि तुमच्या लेखाने घरून पुस्तके विकणाऱ्यांना एवढे जरी सांगितले असते की नकाशे आणि चित्रे मोजा, सुटी पाने तपासा, क्रमांक नसेल तर दुसऱ्या छपाईचा टाकू नका, तरी मी हे पत्र लिहिले नसते. पुस्तकाची स्थिती ‘गुड’ अशी नोंदवा, असेही त्यात म्हटले आहे. या व्यापारात ‘गुड’ म्हणजे वापरून झिजलेली पण सगळी पाने असलेली प्रत. घेणारा त्याचा अर्थ ‘चांगली’ असा घेतो आणि मग दोघांत वाद होतो. तेही सांगायचे राहिले.

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. आपल्या रविवारच्या पुस्तकपानावर परिचयाखाली पाने आणि किंमत छापतात, पण आवृत्ती कितवी, मूळ पुस्तक कधीचे, अनुवाद कोणाचा, यातले काहीही नसते. गेल्या महिन्यात परिचय छापलेले एक पुस्तक अनुवादित आहे, हे मला ते विकत घेतल्यावर कळले. ज्या अनुवादकाने त्यावर वर्षे घालवली असतील, त्याचे नाव दोन शब्दांच्या जागेत बसले असते. यापूर्वी मी यासाठी दोनदा लिहिले आहे. छापू नका, पण निदान त्या पानाच्या संपादकांपर्यंत पोहोचवा.

नदीच्या त्या अहवालाचे नाव आणि वर्ष मी सोबतच्या चिठ्ठीवर वेगळे लिहून दिले आहे. जागा असेल तर पत्राखाली छापावे. कोणाकडे ती प्रत असेल तर मला विकलीच पाहिजे असे नाही. नकाशांची घडी हलक्या हाताने उघडावी, कागद जुना आहे, घडीवर फाटतो, आणि वरून सरळ एक फोटो काढून आपल्या कार्यालयाकडे पाठवावा. मी येऊन घेऊन जाईन.

आपली,
एक नियमित वाचक