त्या मॅचबद्दल आणि नव्या पासपोर्टबद्दल

ती. आई व ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, हे पत्र आधी आईला पूर्ण वाचून दाखवा आणि मगच डोक्यात राख घालून घ्या. गेल्या महिन्यात मी इथलं, अमेरिकेचं, नागरिकत्व घेतलं. शपथ झाली, कागद हातात आला. फोनवर सांगणार होते, पण फोनवर तुम्ही नुसतं "बरं" म्हणता आणि रिसीव्हर आईकडे देता. मग त्या "बरं"चा अर्थ लावत मी आठवडाभर बसते. म्हणून लिहिते आहे.

सगळ्यात आधी तुमच्या काळजीचं. ग्रीनकार्डावर सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की परत येताना विमानतळावर प्रश्न सुरू होतात. वर्ष उलटलं तर कार्डच धोक्यात. आईच्या खुब्याच्या वेळी ती वॉकरवर असतानाच मी बॅग भरली, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही दोघं काही बोलला नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. आता ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते, झालं की मी कोल्हापुरात कितीही दिवस राहू शकते. कुणी विचारणार नाही. दिवाळीनंतर येते ती शिमगा करूनच परत जाईन. जावई आणि नात इथलं बघतील. त्यांना वरणभात लावता येतो.

शेताचंही सांगते, कारण तुमच्या डोक्यात तेच आलं असणार. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने येते. मी वकिलांना विचारलं आहे. तेव्हा बांधाकडच्या तुकड्याचं घाईनं काही करू नका. मतदान मात्र गेलं. ते मलाही टोचतं, उगाच नाही कशाला म्हणू?

दादानं फोनवर विचारलं, "तू तिथली कधी झालीस गं?" त्याला मी हसून उत्तर टाळलं. तुम्हाला टाळत नाही. कागदावर आत्ता झाले. पण त्याची सुरुवात झाली 22 सप्टेंबर 2001 ला, एका मॅचमध्ये. तेव्हा मी पत्रात दोन ओळीच लिहिल्या होत्या, की कॉलेजची फुटबॉल मॅच पाहिली, छान होती. बाबा, तुम्ही उलट टपाली विचारलंत, "गोल किती झाले?"

त्या महिन्यात तुम्ही किती घाबरला होतात, ते मला आता नात मोठी झाल्यावर कळतं. 11 तारखेला न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर पहिलं विमान धडकलं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सव्वासहा झाले होते, टेक्सासात माझी सकाळ उजाडत होती. म्हणजे माझ्याआधी तुम्हाला कळलं असणार. फोन लागेपर्यंत बाबांनी माझ्या शाळेच्या ॲटलासवर पट्टी ठेवून न्यूयॉर्क आणि टेक्सासमधलं अंतर मोजून ठेवलं होतं. फोन लागल्यावर पहिलं वाक्य, "लांब आहे, मी बघितलंय." मला धीर देत होता की स्वतःला? आणि मागून आई, "गर्दीत जाऊ नको, कुंकू नको लावू हवं तर, पण जपून राहा." आई, तू कुंकू लावू नको म्हणालीस, त्यावरून मला कळलं की प्रकरण किती गंभीर आहे.

चारच दिवसांनी ॲरिझोनात मेसा गावी बलबीरसिंग सोढींना त्यांच्याच पेट्रोलपंपावर गोळ्या घातल्या, पगडी बघून. आमच्या इथले सीनियर रात्री लायब्ररीतून मुलींना घरी सोडायला यायचे. दुकानात एकानं मला विचारलं, "कुठली तू?" विचारण्याची रीत चांगली नव्हती. हे सगळं खरं आहे, आणि पुढे सांगते तेही खरंच आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

15 तारखेच्या शनिवारी देशभरातल्या मोठ्या कॉलेजांच्या मॅचेस पुढे ढकलल्या होत्या. आमच्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची पुढची मॅच 22 ला, घरच्या मैदानावर, ओक्लाहोमा स्टेटशी. विद्यार्थ्यांतल्या काही पोरांच्या डोक्यात आलं, की अख्खं स्टेडियम अमेरिकेच्या झेंड्याच्या रंगात रंगवायचं: सगळ्यात वरच्या मजल्यावर लाल, मधल्यावर पांढरा, खाली निळा. टी-शर्ट पाच डॉलरला, आणि खर्च जाऊन उरेल ते न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातल्या आणि पोलिसांतल्या लोकांच्या घरच्यांसाठी. हातात जेमतेम काही दिवस. बाबा, जानेवारीत भूजला भूकंप झाला तेव्हा तुम्ही पेठेत पावतीपुस्तक घेऊन फिरला होतात ना, तसंच वाटलं मला. फरक इतकाच, की इथं पावतीऐवजी शर्ट मिळत होता.

मी रांगेत उभी राहिले. पाच डॉलर म्हणजे तेव्हा अडीचशेच्या आसपास, माझा आठवड्याचा भाजीपाला! माझं तिकीट वरच्या मजल्याचं, म्हणून लाल शर्ट. माझ्या मापाचे संपले होते, जो मिळाला तो गुडघ्यापर्यंत आला. आत स्वेटरच घातला असता तरी चाललं असतं.

आमच्या स्टेडियमचा, काइल फील्डचा, तिसरा मजला इतका उभा आहे, की मी रेलिंग धरून चढले. वर पोचून समोर बघितलं, आणि समोरची बाजू खरंच तीन पट्ट्यांत उभी होती. सत्तर हजारांच्या आसपास शर्ट विकले गेले होते, आणि मैदानात माणसं होती 82,601. शर्टांतून पुढे 1,80,000 डॉलर पाठवले गेले. एवढी माणसं, आणि श्रद्धांजलीच्या वेळी खोकलासुद्धा नाही. आपल्या शाहू स्टेडियमवर मी तुमच्या खांद्यावर बसून पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबची मॅच बघायचे, तेव्हा कान झाकून घ्यायचे, आठवतं? गर्दी म्हणजे आवाज, हेच मला माहीत होतं.

त्या कॉलेजला मरण नवं नव्हतं, हे मला नंतर कळलं. दोनच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर 1999 मध्ये, होळीसारखी लाकडं रचण्याची त्यांची जुनी प्रथा होती, तो ढीग कोसळून 12 जण गेले होते. वरच्या वर्गातली मुलं त्या वेळी तिथं होती. मला वाटतं, एकत्र उभं कसं राहायचं हे त्यांना म्हणूनच ठाऊक होतं. तिथं विद्यार्थी अख्खी मॅच उभ्यानंच बघतात, आमच्यातला कुणीही गरज पडली तर मैदानात उतरेल, असं त्यामागचं सांगणं. आणि कॉलेजचं गाणं सुरू झालं की एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डावी-उजवीकडे डुलतात. माझ्या शेजारची मुलगी, कधी बघितलेली नाही, तिनं विचारलंसुद्धा नाही. हात टाकला आणि मला डुलवायला लागली. पलीकडच्या मुलानं दुसऱ्या खांद्यावर टाकला. दुकानातल्या त्या प्रश्नानंतर एखादं अनोळखी माणूस माझ्याजवळ आलं ते असं. बास, एवढंच झालं. मी रडले, पण तिथं बरेच जण रडत होते, माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

(आपल्या संघाला गुण मिळाले की शेजारच्या जोडीदाराचा मुका घ्यायची पद्धत आहे तिथं. हे तेव्हा पत्रात का लिहिलं नाही, ते बाबांना कळेल. मी शर्ट सावरत खाली बघत होते.)

आम्ही 21-7 नं जिंकलो. गोल एकही झाला नाही, बाबा. यांचा फुटबॉल हातात घेऊन पळतात.

तर, कोल्हापूर कमी झालं म्हणून हे घेतलं नाही. शपथेत परक्या राजाशी निष्ठा सोडायची ओळ आहे. मी म्हटली. आपला राजा म्हणजे शाहू महाराज, आणि त्यांना परका कोण म्हणेल? जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात, तो जपून ठेवणार आहे. रात्रीच्या एसटीनं तुम्ही मला पुण्याला पासपोर्ट ऑफिसात नेलं होतंत, आणि फॉर्म भरताना तुमच्या पेनची शाई संपली, तोच तो.

आता ऐका. आई, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मी येईपर्यंत थांबवायचं नाही. दसऱ्याच्या आत करून घे, दादा सुट्टी घेणार आहे. माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही, दोघांनीही. न्हाणीतली कांब लावायला मिस्त्री सोमवारी येईल, त्याच्याशी भावावरून वाद घालू नका, पैसे दिलेत मी. संध्याकाळच्या भाकरीला बाई ठरवली आहे. भाकरी जाड झाली तर तिला सांग, स्वतः थापायला बसू नकोस. बाबा, तांबडा रस्सा रविवारीच, आणि अर्धी वाटी. पाऊस लागला आणि पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की दादाकडे जायचं, "बघू उद्या" नाही.

आणि बाबा, रागवायचं असेल तर रविवारी फोनवर भरपूर रागवा. फक्त आधी बीपीची गोळी घ्या, आणि रिसीव्हर आईकडे देऊ नका.

तुमची,
चिमी