स्नायू नव्हे, लिगामेंट!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर कुणाच्याही हाताला लागलं की 'स्नायू दुखावला' नाहीतर 'शीर ताणली' एवढंच छापून येतं. स्नायू वेगळा, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा वेगळी आणि हाडाला हाड बांधून ठेवणारं लिगामेंट वेगळं. त्याला मराठीत अस्थिबंध हा चांगला शब्द आहे, नाहीतर सरळ लिगामेंट लिहा, लोकांना कळतं.

एवढं कळकळीने लिहितोय कारण माझा मुलगा. कबड्डीत पकड करताना त्याचा अंगठा बाहेर मुरडला. एक्स-रे काढला, हाड शाबूत, म्हणून मुका मार समजून क्रेप बँडेज आणि गोळ्या मिळाल्या, आम्ही निर्धास्त, वर ओळखीच्या एकाने तेल लावून दोनदा ओढूनपण दिला. दोन महिन्यांनी बघतो तर पोराला बरणीचं झाकण फिरवता येईना, चिमटीत किल्ली धरली की अंगठा कलंडायचा.

मग हँड सर्जनकडे गेलो तेव्हा कळलं की अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनीच्या बाजूचं लिगामेंट पूर्ण तुटलंय. एक्स-रेत हाडं दिसतात, लिगामेंट दिसतच नाही, त्याला सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो आणि त्याआधी डॉक्टरने अंगठा हाताने हलवून दोन्ही हातांच्या अंगठ्यांची तुलना करून बघायला लागते. यात कधीकधी तुटलेलं टोक शेजारच्या स्नायूच्या पडद्याबाहेर येऊन अडकतं, पडदा मधे आला की ते परत हाडाला भेटतच नाही, कितीही महिने पट्टा बांधा. स्टेनर नावाच्या स्वीडिश सर्जनने १९६२ साली हे दाखवून दिलं, म्हणून त्याला स्टेनर लिजन म्हणतात. माझ्या मुलाचं तेच झालं होतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गेलो असतो तर आहे तेच लिगामेंट परत हाडाला शिवता आलं असतं, पण उशीर झाल्यामुळे मनगटाजवळची कंडरा काढून नवीन करावं लागलं.

फिजिओथेरपिस्टने अजून एक दाखवलं, तुम्हीपण करून बघा. बोट सरळ ठेवून दुसऱ्या हाताने डावी-उजवीकडे हलवा, सहज हलतं. आता तेच मुळाशी काटकोनात वाकवून हलवा, जवळजवळ हलतच नाही, कारण वाकल्यावर तिथली बाजूची लिगामेंट्स ताणली जातात. म्हणून प्लास्टर घालतानाही बोटं मुळाशी वाकवून ठेवतात, सरळ बांधली तर ती आखडतात आणि नंतर मूठ वळत नाही. हे आमच्या तालुक्यातल्या एकाही कोचला माहीत नव्हतं.

सीझन सुरू व्हायच्या आधी आरोग्य पुरवणीत एखाद्या हँड सर्जनकडून यावर अर्धं पान लिहून घ्या, चित्रासकट.

एका कबड्डीपटूचा बाप,
जि. सांगली