विजेतेपदांच्या आकड्यांसोबत त्यांचा काळही छापावा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर मोठ्या टेनिस स्पर्धांच्या वेळी पुरुष एकेरीतील सर्वाधिक ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार प्रमुख स्पर्धा) विजेतेपदांचे कोष्टक नेमाने छापले जाते. नोव्हाक जोकोविच २४, राफेल नदाल २२, रॉजर फेडरर २०, पीट सॅम्प्रास १४, रॉय एमर्सन १२ आणि त्याखाली रॉड लेव्हर व बियॉन बोर्ग प्रत्येकी ११, असा त्याचा क्रम असतो. यातला एकही आकडा चुकीचा नाही. तरीही नुसत्या आकड्यांचे हे कोष्टक वाचकाची दिशाभूल करते, असे माझे स्पष्ट मत आहे. टिळकवाडीतल्या आमच्या वाचनालयात शाळकरी मुले प्रश्नमंजूषेच्या तयारीसाठी अशी कोष्टके वहीत उतरवून घेतात आणि एमर्सन हा लेव्हरपेक्षा मोठा खेळाडू होता, असा सरळ अर्थ त्यातून काढतात. समोर एवढेच छापलेले असताना त्या मुलांना दोष कसा देणार?

या दोन ऑस्ट्रेलियन खेळाडूंचा इतिहास थोडा तपशिलात पाहण्यासारखा आहे. १९६२ साली लेव्हरने चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. त्यांपैकी ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि अमेरिकन या तीन स्पर्धांच्या अंतिम फेरीत त्याच्यासमोर एमर्सनच होता आणि तिन्ही वेळा तो हरला. त्यानंतर लेव्हर व्यावसायिक झाला. त्या काळी या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी असल्यामुळे उघडपणे पैसे घेऊन खेळणाऱ्याला तेथे प्रवेशच नव्हता. परिणामी १९६३ ते १९६७ या पाच वर्षांतल्या वीस स्पर्धांपैकी एकीतही लेव्हरला उतरता आले नाही आणि नेमक्या याच पाच वर्षांत एमर्सनने आपल्या बारापैकी दहा विजेतेपदे मिळवली. १९६८ मध्ये व्यावसायिकांना दारे उघडली, तेव्हा लेव्हरने त्याच वर्षी विम्बल्डन जिंकले आणि १९६९ मध्ये पुन्हा चारही स्पर्धा जिंकल्या. विम्बल्डनपुरते बोलायचे तर १९६१ ते १९६९ या काळात त्याला केवळ चार वेळा खेळता आले आणि चारही वेळा करंडक त्याच्याच हाती गेला. एमर्सनला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. समोर येईल त्याला हरवणे एवढेच खेळाडूच्या हाती असते आणि ते काम त्याने चोख केले. पण १२ आणि ११ हे आकडे एकाखाली एक छापताना मधली पाच वर्षे गाळली, तर लेव्हरवर अन्याय होतो.

केन रोझवॉलच्या बाबतीत तर हा अन्याय दुपटीहून मोठा आहे. १९५३ मध्ये अठराव्या वर्षी ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच स्पर्धा जिंकणारा हा खेळाडू १९५६ ची अमेरिकन स्पर्धा जिंकून व्यावसायिक झाला आणि ऐन उमेदीची अकरा वर्षे या मैदानांपासून दूर राहिला. परतल्यावर १९६८ च्या फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने लेव्हरलाच हरवले आणि १९७२ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा वयाच्या सदतिसाव्या वर्षी जिंकली. त्याची आठ विजेतेपदे आपल्या कोष्टकात जागेअभावी येतच नाहीत.

दुसरा मुद्दा मैदानाच्या पृष्ठभागाचा. तो आपल्या भागातील वाचकाला फार समजावून सांगावा लागू नये, कारण बेळगाव-खानापूर पट्ट्यातला कोणताही कुस्तीशौकीन मातीवरच्या मल्लाची आणि गादीवरच्या मल्लाची तुलना करताना दहा वेळा विचार करतो. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून त्यांच्या विजेत्यांची शेवटी गाठ घातली जाते. टेनिसच्या कोष्टकात मात्र सगळे एकत्र. नदालच्या २२ विजेतेपदांपैकी १४ एकट्या फ्रेंच ओपनच्या क्ले कोर्टवरची, म्हणजे लाल मातीच्या मैदानावरची आहेत, तर फेडररच्या २० पैकी ८ विम्बल्डनच्या हिरवळीवरची. जोकोविचने १० वेळा ऑस्ट्रेलियन, ७ वेळा विम्बल्डन, ४ वेळा अमेरिकन आणि ३ वेळा फ्रेंच स्पर्धा जिंकली आहे. स्पर्धांचे पृष्ठभागही कायम राहिलेले नाहीत. ऑस्ट्रेलियन ओपन १९८७ पर्यंत हिरवळीवर होत असे, १९८८ पासून ती हार्ड कोर्टवर, म्हणजे टणक कृत्रिम पृष्ठभागावर होते. अमेरिकन ओपन १९७४ पर्यंत हिरवळीवर, पुढची तीन वर्षे क्ले कोर्टवर आणि १९७८ पासून हार्ड कोर्टवर झाली. जिमी कॉनर्सने ही एकच स्पर्धा तिन्ही पृष्ठभागांवर, म्हणजे १९७४, १९७६ आणि १९७८ मध्ये जिंकली. हा पराक्रम मला अनेक मोठ्या आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो, पण तो कोणत्याच रकान्यात बसत नाही. बोर्ग ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये आयुष्यात एकदाच, १९७४ साली खेळला. तेव्हा त्याने ११ विजेतेपदे जवळपास तीनच स्पर्धा खेळून मिळवली आणि तीही फ्रेंच व विम्बल्डन या दोनच ठिकाणी, हेही कळायला हवे.

विम्बल्डनच्या जुन्या विक्रमाविषयीही लिहायला हवे. विल्यम रेन्शॉने १८८१ ते १८८९ या काळात तेथे सात वेळा विजेतेपद मिळवले आणि २०१७ मध्ये फेडरर आठव्यांदा जिंकेपर्यंत सातचा हा आकडा कोणी ओलांडला नव्हता. परंतु त्या काळी गतविजेता थेट अंतिम सामनाच खेळत असे, त्यामुळे रेन्शॉची सातपैकी पाच विजेतेपदे एकेक सामना जिंकून मिळालेली आहेत. फेडररला २०१७ मध्ये सात सामने खेळावे लागले आणि त्यांत त्याने एकही सेट गमावला नाही.

मास्टर्स, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखाल मानल्या जाणाऱ्या नऊ स्पर्धांचा विक्रम देतानाही त्यांची आजची मांडणी १९९० पासूनची आहे, हे लिहायला हवे. दुहेरीच्या बाबतीत गोंधळ अधिक होतो. लिअँडर पेसची १८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे पुरुष दुहेरीतील ८ आणि मिश्र दुहेरीतील १० मिळून होतात. ती फेडररच्या २० शेजारी ठेवणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. आपल्याच राज्यातील कोडगूच्या रोहन बोपण्णाने २०२४ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली. त्या यशाला दुहेरीच्या रकान्यातच मान मिळायला हवा.

एवढे लिहिल्यावर मी जोकोविचच्या विरोधात आहे, असा समज कृपया होऊ नये. १९६८ नंतरच्या खेळाडूंत मी त्यालाच पहिला क्रमांक देतो, कारण चारही ग्रँड स्लॅम किमान तीन वेळा, नऊही मास्टर्स स्पर्धा किमान दोन वेळा आणि वर्षअखेरची स्पर्धा सात वेळा जिंकणारा दुसरा पुरुष खेळाडू झालेला नाही. त्याचे मोठेपण २४ या बेरजेपेक्षा या विभागणीत अधिक ठळक दिसते आणि नेमकी तीच आपल्या कोष्टकात नसते.

माझी विनंती साधी आहे. बेरजेच्या आकड्यासमोर चार स्पर्धांचे चार रकाने द्यावेत, १९६८ पूर्वीच्या विजेतेपदांपुढे खूण करावी आणि दुहेरीचे विक्रम वेगळ्या चौकटीत घ्यावेत. पानावर जागा अपुरी पडत असेल, तर पहिल्या दहाऐवजी पाचच नावे घेतली तरी चालेल.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
टिळकवाडी, बेळगाव