पाटी सैनिकाची, मागे वाळलेली काडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावातल्या माजी सैनिकांच्या नावाने रस्त्याच्या दोन्ही कडांना शंभर झाडे लावल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. हेतूबद्दल तक्रार नाही. १९६५, १९७१ आणि कारगिलच्या लढाईवर गेलेल्यांची नावे गावाने येता-जाता वाचावीत, याहून चांगले स्मारक मला सुचत नाही. राग आला तो फोटो पाहून. रोप दीड फुटाचे, खड्डा घमेल्याएवढा, वर विजेच्या तारा, आणि निवड गुलमोहर व सप्तपर्णीची. बातमीत झाडून सगळे मान्यवर नावानिशी आहेत. ज्यांच्यासाठी हे केले, त्या सैनिकांपैकी एकाचेही नाव नाही.

आपल्याच सोलापूर जिल्ह्यात २६ जुलैला, कारगिल विजय दिनी लावलेली अशी एक रांग दुसऱ्या मे महिन्यात अशी दिसत होती: पाट्या शाबूत, पाट्यांमागे काड्या. काडी उपटली तर मुळांभोवती रोपवाटिकेची काळी पिशवी जशीच्या तशी. पिशवी फाडण्याइतकीही सवड कुणाला झाली नव्हती. त्या पाटीवर ज्याचे नाव, त्याच्या घरची माणसे रोज त्याच रस्त्याने शेताला जात होती. एरवीच्या लागवडीत रोप मेले तर एक आकडा कमी होतो. इथे एका घराचा अपमान होतो. म्हणून फोटोपुरती लागवड इथे चालू देता कामा नये.

सोलापूरचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. जुलै-ऑगस्टमध्ये लांब उघडीप पडते आणि नेमके तेव्हाच कोवळे रोप उघड्यावर असते. खड्डे एप्रिल-मे महिन्यातच घ्यायला हवेत, तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल, आणि ते उन्हात तापू द्यायचे. भरताना निम्मी माती, उरलेल्यात चांगले कुजलेले शेणखत आणि तलावातला गाळ, वर वाळवीसाठी किलोभर निंबोळी पेंड. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या मुरमाड जागेत गाळ जास्त टाकावा. काळ्या जमिनीत मात्र उलटे करावे लागते, तिथे मुरूम मिसळावा. नाहीतर सप्टेंबरच्या पावसात खड्ड्यात पाणी तुंबते आणि कडुनिंबाची मुळे सडतात. लोक म्हणतात पाणी जास्त झाले, पण चूक खड्डा भरण्यात असते.

रोप पाच-सहा फुटांचे, दोन वर्षांचे, मोठ्या पिशवीतले घ्यावे. पिशवीत गोल फिरलेली मुळे कात्रीने कापावीत, नाहीतर झाड पुढे दहा वर्षांनी वादळात मुळासकट आडवे होते. गुलमोहराची मुळे वरच्या वर पसरतात आणि फांद्या ठिसूळ, त्याखाली कुणी गाडी लावू नये. सप्तपर्णीला इथला उन्हाळा पाण्याशिवाय काढता येत नाही. कडुनिंब, चिंच, करंज, वड, पिंपळ ही आपली झाडे आहेत. पण शंभरही कडुनिंबच लावू नयेत. शेजारच्या कर्नाटक-तेलंगणात कडुनिंबाचे शेंडे वाळवणारी बुरशी आलेली आहे, एका जातीची रांग असेल तर सगळ्या रांगेलाच धोका. कडुनिंबात सात-आठ मीटर अंतर, चिंचेला दहा, वडाला पंधरा. शंभर झाडे बसत नसतील तर चाळीस लावा आणि एका झाडाखाली दोन-तीन नावे द्या. तारांच्या बाजूला मोठे झाड लावूच नये. दर मे-जूनमध्ये वीज कंपनीची माणसे त्याचा शेंडा छाटणार हे ठरलेले.

आता पाणी. फेब्रुवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंत झाडाला आठवड्याला २० लिटर. शंभर झाडांना २००० लिटर, अठरा आठवड्यांचे ३६,००० लिटर. म्हणजे ५००० लिटरचे सात-आठ टँकर, आणि असे किमान तीन उन्हाळे. हा खर्च ग्रामसभेच्या ठरावात लिहिलेला नसेल तर झाड लावू नका. बुंध्यापाशी दोन फूट खोल पाइपाचा तुकडा उभा पुरून पाणी त्यातून द्यावे. वर उसाचे पाचट पसरावे, पण खोडापासून चार बोटे दूर, कारण पाचटाबरोबर वाळवी येते. रोजगार हमीत बिहार पॅटर्नची लागवड होते, तिथे मजुरी झाडे किती जगली यावर मिळते. तीच अट इथे घाला.

नावाच्या पाटीबद्दल तर हात जोडून सांगतो: खिळा नको, तार नको. तार चार-पाच वर्षांत सालीत रुतते आणि झाडाचा गळा आवळते. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो. काळ्या दगडावर अक्षरे कोरून घ्या आणि तो दगड खोडापासून मीटरभर दूर, फूटभर काँक्रीटमध्ये रोवा, वडाला त्याहून दूर. लोखंडी जाळीही चौथ्या वर्षी काढावी लागते, ती खोडात गेलेली झाडे आपण सगळे पाहतो. ग्रामपंचायतीत नोंदवही हवी: झाडाचा क्रमांक, सैनिकाचे नाव, हुद्दा, पलटण, लागवडीची तारीख. झाड मेले तर पुढच्या जूनमध्ये त्याच जागी, त्याच क्रमांकाचे.

देवळासमोरचे झाड कुणाच्या नावाचे यावरून गावात भांडणे होतात. ती टाळण्याची एक रीत आहे. ऑस्ट्रेलियात बॅलॅरट येथे १९१७ ते १९१९ दरम्यान सुमारे २२ किलोमीटर रस्त्यावर पावणेचार हजारांच्या आसपास झाडे लागली, एका सैनिकाला एक. मेलेल्यांना आणि परतलेल्यांनाही. क्रम लावला तो सैन्यात भरती झाल्याच्या तारखेने. त्यात हुद्दा नाही, घराणे नाही, भावकी नाही. आपल्याकडे हाच क्रम घ्यावा, परतलेल्यांची भरतीची तारीख डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्य सोडताना मिळणाऱ्या पुस्तिकेत असतेच.

आणखी एक. रस्त्याची हद्द जिल्हा परिषदेकडून लेखी घेतल्याशिवाय खड्डा घेऊ नये. चौपदरीकरणात आपल्या जिल्ह्यातले जुने कडुनिंब आणि वड कसे गेले ते सर्वांनी पाहिले आहे. पन्नास वर्षांवरच्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने जे संरक्षण मिळाले, ते शहरी भागासाठीच्या १९७५ च्या कायद्यात आहे. खेड्यातल्या रांगेला ते लागू नाही. उद्या रस्ता रुंद झाला तर सैनिकांच्या नावाची झाडे आधी जातील.

शेवटी आपल्यालाच विनंती. त्या गावातल्या सैनिकांची पूर्ण यादी, हुद्दा आणि पलटणीसह, या आठवड्यात छापावी. आणि पुढच्या मे महिन्यात वार्ताहराला त्याच रस्त्यावर पाठवून किती झाडे जिवंत आहेत ते मोजून छापावे, याच पानावर, तेवढ्याच मोठ्या फोटोसह.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर