कोणाचे घड्याळ खरे?

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बोलताना तू सहज म्हणालास, की शेवटी सगळेच सापेक्ष असते आणि आइन्स्टाइननेच तसे सिद्ध केले आहे. त्या वेळी मी हो म्हणून गेलो, पण ते वाक्य मनातून जाईना. त्याने सिद्ध केले ते जवळजवळ याच्या उलट आहे असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

वाट पाहताना वेळ सरता सरत नाही आणि गप्पांत तास कसा गेला ते कळत नाही, हा अनुभव खरा असला तरी तो मनाचा आहे. दोन्ही वेळी मनगटावरचे घड्याळ त्याच गतीने चालत असते. भौतिकशास्त्रातली सापेक्षता बोलते ती घड्याळाविषयी.

आपली गाडी स्थानकात उभी असताना शेजारची हलली, की क्षणभर आपणच निघालो असे वाटते आणि नजर आपोआप फलाटावरचा खांब शोधते. नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, हे आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास लिहून ठेवले होते. 1632 मध्ये गॅलिलिओने एक पाऊल पुढे टाकले: जहाज संथ, एकसमान वेगाने जात असेल, तर बंद खोलीतल्या कोणत्याही प्रयोगावरून ते चालले आहे की थांबले आहे हे सांगता येणार नाही. मात्र गाडीला हिसका बसला, की बाटलीतले पाणी लगेच तिरके होते आणि तिथे खांब पाहावा लागत नाही. म्हणजे सगळेच सापेक्ष नाही, हे ते पाणीच सांगते.

1905 मध्ये आइन्स्टाइनने गॅलिलिओचे तत्त्व प्रकाशालाही लागू केले. निरीक्षक कोणत्याही एकसमान वेगाने जात असो, त्याने मोजलेला निर्वात पोकळीतल्या प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 3,00,000 किलोमीटरच भरतो. हे एकदा मान्य केले, की काळ आणि लांबी यांनाच लवचीक व्हावे लागते.

मला हे पटले ते म्युऑन नावाच्या सूक्ष्म कणांमुळे. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांच्या माऱ्यातून साधारण 15 किलोमीटर उंचीवर हे कण जन्मतात. जागेवर थांबलेल्या म्युऑनचे सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग), आणि तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम 660 मीटर जातो. तरीही म्युऑन मोठ्या संख्येने जमिनीपर्यंत पोहोचतात. आपण म्हणतो, वेगामुळे त्यांचे घड्याळ मंदावले. म्युऑनसोबत प्रवास करणारा म्हणेल, की माझे घड्याळ ठीक आहे, वातावरणाची जाडीच आकसली आहे. दोघांचा काळ वेगळा, अंतर वेगळे आणि दोघेही बरोबर; पण कण जमिनीवर पोहोचला की नाही, याबद्दल त्यांच्यात मतभेद होऊच शकत नाही. इतकेच नव्हे, तर जन्म आणि पोहोचणे या दोन घटनांमधल्या काळाला प्रकाशाच्या वेगाने गुणून, त्या गुणाकाराच्या वर्गातून त्या दोन घटनांमधल्या अंतराचा वर्ग वजा केला (म्युऑनच्या बाजूने दोन्ही घटना त्याच्यापाशीच घडतात, म्हणून त्याच्या हिशेबात हे अंतर शून्य), तर दोघांची संख्या तंतोतंत सारखी येते.

काल रात्री मी ही आकडेमोड कागदावर दोन्ही बाजूंनी मांडली. डावीकडे आपला हिशेब, उजवीकडे म्युऑनचा. वरपासून एकही ओळ जुळत नव्हती आणि शेवटची मात्र जुळली, तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसलो. वर्ग आणि वर्गमूळ यांपलीकडचे गणित त्यात नाही. एकदा स्वतः करून पाहा आणि कुठे अडलास तर लगेच कळव.

तुझा स्नेही