माझ्या बोटांसाठी धावलेल्यांचे आभार

कारखान्यात पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राखाली, पॉवर प्रेसखाली, माझा उजवा हात सापडला, तेव्हा धावत जाऊन ज्यानं मेन स्विच पाडला, त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. दुसऱ्या लाइनवरचा कुणीतरी होता. "हात ओढू नकोस, ओढू नकोस," असं ओरडत राहिला.

आणि त्या ताई! तुटलेली दोन बोटं त्यांनी यंत्राच्या साच्याजवळून (डायजवळून) उचलली, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली आणि मग ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवली. बर्फ थेट लागला तर बोट कामातून जातं, हे त्यांना माहीत होतं. एक बोट जोडलं गेलं ते त्यांच्यामुळे. आज त्याच बोटानं शर्टाचं बटण लावतो.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या भावानं विचारलं, "गार्ड होता का?" नव्हता. हात आत जाऊ नये म्हणून यंत्राला असलेलं ते संरक्षक आवरण, काम भराभर व्हावं म्हणून काढून ठेवलेलं. गार्डशिवाय यंत्र चालवायला कामगाराला भाग पाडू नये, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६३ च्या करारात आहे, हे त्यांनीच सांगितलं. कोऱ्या कागदावर सही करू नका, अपघाताच्या नोंदीची प्रत मागून घ्या, असंही बजावलं. तोवर मी स्वतःलाच दोष देत होतो. भरपाई मागायची लाज वाटायची. ती लाज त्यांनी घालवली.

रक्त देणाऱ्यांना तर मी पाहिलंही नाही.

तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर कृपया कळवा. तुमचा हात एकदा हातात घ्यायचा आहे.