वेढा घालण्याआधी तपासणी हवी

मा. संपादक,

छातीतल्या जळजळीवरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविषयी बोलताना छेद किती लहान, हेच आवर्जून सांगितले जाते. ती कोणावर करावी, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

हायटस हर्नियात जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकतो. ५ ते १० मिलिमीटरच्या चार-पाच छेदांतून तो खाली ओढतात, अन्ननलिकेचा २ ते ३ सेंटिमीटर भाग ताण न येऊ देता पोटात आणतात, छिद्राचे स्नायू टाक्यांनी जवळ घेतात आणि जठरातले आम्ल वर येऊन जळजळ होऊ नये म्हणून जठराचा माथा अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. हा वेढा ३६० अंशांचा (निसेन) किंवा मागून २७० अंशांचा (टुपे) असतो. खरी पारख इथे आहे. वेढा घट्ट किंवा लांब झाला, की घास अडकतो, ढेकर येत नाही, पोट फुगते. अन्ननलिकेची हालचाल मुळात मंद असेल तर त्रास आणखी वाढतो. म्हणून एंडोस्कोपीवर न थांबता मॅनोमेट्री (अन्ननलिकेची हालचाल व दाब मोजणारी तपासणी) करायलाच हवी. ॲकॅलेशिया, म्हणजे अन्ननलिकेचे खालचे तोंड नीट न उघडण्याचा विकार, याची लक्षणेही जळजळीसारखी भासू शकतात. एंडोस्कोपीत आम्लाच्या जखमा दिसल्या नाहीत, तर २४ तासांची पीएच तपासणीही (अन्ननलिकेत आम्ल किती येते हे मोजणारी) करावी. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी जराही आराम न पडणाऱ्यांनी तर ती टाळूच नये, कारण त्यांचे दुखणे बऱ्याचदा आम्लाचे नसते.

शस्त्रक्रियेनंतर सूज असते, त्यामुळे काही आठवडे मऊ आहार घ्यावा. सुरुवातीच्या दिवसांत उलटीची उबळ आली तर लगेच औषध द्यावे. जोराच्या उबळीने टाके तुटून वेढा छातीत सरकू शकतो.

आपले,
पोटविकार शल्यचिकित्सक